सेकंडहँड कॅमेरा आणि त्याचं हिस्ट्री कार्ड

पोस्ट मोठी आहे. पण तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी सेकंडहँड मिररलेस कॅमेरा घेणार असेल तर शेवटपर्यंत वाचा. आणि तुम्ही विकणार असाल तर नक्कीच वाचा.

आमच्या लाइनवर एक पोरगा आहे. जालन्याकडचा, वय तेवीस, आयटीआय फिटर. चाकणला एका खोलीत चौघं राहतात. ठेकेदाराकडून लागलाय, म्हणजे काय ते आपल्या भागात वेगळं सांगायला नको. सात महिने भरत आले की ब्रेक. ब्रेकनंतर परत घेतील का, ते कुणीच सांगत नाही. दोन महिन्यांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, पासष्ट हजार साठलेत. कॅमेरा घ्यायचाय. रविवारी येता का बघायला?"

मला विचारलं कारण मी शिफ्ट सांभाळून गेली आठ वर्षं लग्नाचे फोटो काढतो. पासष्ट हजार म्हणजे त्याचा सगळा ओटी, आणि महिनाअखेरीला खानावळीचा एक डबा दोघांत खाल्ल्याचा हिशेब. त्याचा बेत सरळ होता. ब्रेक मिळाला की चैत्रातल्या यात्रा सुरू. खेड, आंबेगाव, मावळ, जुन्नर, सगळीकडे बैलगाडा घाट भरणार. सुप्रीम कोर्टाने १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी दिली, पुढे १८ मे २०२३ ला घटनापीठानेही कायदा उचलून धरला. तेव्हापासून घाटात कॅमेरेवाल्या पोरांना बरं काम आहे. गाडामालकाला आपल्या बैलांचा उधळलेला फोटो हवा असतो, आणि तो पैसे देताना घासाघीस करत नाही.

नवा कॅमेरा घेता आला असता तर प्रश्नच नव्हता. जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तरी चांगली फुलफ्रेम बॉडी आणि लेन्स मिळून लाखाच्या पुष्कळ वर जाते. म्हणून आपल्याकडची बहुतेक पोरं जुन्या कॅमेऱ्यावरच धंदा सुरू करतात. मीही तसाच केला होता. आणि फसलो होतो. ते आधी सांगतो.

२०२१ च्या हिवाळ्यात मी एका दुकानातून जुनी मिररलेस बॉडी घेतली. नाव सांगत नाही, मुद्दा दुकानाचा नाहीच. दुकानदाराने माझ्यासमोर एक फोटो काढला, फाईलचा नंबर दाखवला. तीन हजार दोनशे काहीतरी. म्हणाला, "बघा, तीन हजारच क्लिक. घरगुती वापर." मी खूश. पुढच्या वर्षी मोशीला एक लग्न होतं. मंगलाष्टकं चालू, अंतरपाट धरलेला, आणि कॅमेऱ्यातून करकर आवाज आला. त्यानंतरचा प्रत्येक फोटो खालून अर्धा काळा. शटरची एक पाती सुटून अडकली होती. दुसरी बॉडी माझ्याकडे नव्हती. अंतरपाट दूर होतानाचा क्षण मी मोबाइलवर घेतला. मुलीचे वडील काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. अर्धे पैसे मी स्वतःहून परत केले. रिपेअरवाल्याने केबल जोडून आकडा काढला. दोन लाख दहा हजारांच्या वर.

मग तीन हजार कुठून आले? कॅमेऱ्यातला फाईल नंबर ९९९९ झाला की परत १ पासून सुरू होतो. हाताने शून्यावरही आणता येतो. कार्डवरचा फोटो नंबर आणि शटरचा आकडा यांचा काही संबंध नाही. हे मला माहीत नव्हतं. आणि मी दिवसभर करतो काय? प्रेस शॉपमध्ये डाय मेंटेनन्स! आमच्याकडे प्रत्येक डायचं हिस्ट्री कार्ड असतं. किती स्ट्रोक झाले, पंच कधी ग्राइंड केला, कुठली स्प्रिंग बदलली, सगळं लिहिलेलं. ठरलेले स्ट्रोक झाले की डाय चालत असली तरी खाली उतरवायची, बघायची, मगच परत चढवायची. कंपनीच्या डायचं कार्ड मी डोळ्यांत तेल घालून बघतो, आणि स्वतःच्या पैशाने यंत्र घेताना दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर विश्वास ठेवला.

आता शटर म्हणजे काय ते थोडक्यात. सेन्सरच्या पुढे पातळ पात्यांचे दोन पडदे असतात. पहिला सरकून उजेड आत सोडतो, दुसरा त्याच्यामागे येऊन बंद करतो. मिररलेसमध्ये सेन्सरवरचं चित्र सतत स्क्रीनवर दिसायला हवं, म्हणून शटर एरवी उघडंच असतं. बटण दाबलं की ते आधी बंद होतं, मग उघडतं, बंद होतं आणि पुन्हा उघडतं. एका फोटोत एवढी धावपळ. पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवायची सोय असते, त्याने हालचाल कमी होते. पण यंत्र ते यंत्रच, झिजणारच.

कंपन्या काही बॉडींचं टेस्टिंगचं आयुष्य सांगतात. सोनी ए७ थ्री आणि निकॉन झेड६ ला २ लाख, कॅनन आर६ ला ३ लाख. ही काही मुदत संपल्याची तारीख नाही. कुठलं शटर निम्म्यातच जातं, कुठलं दुप्पट चालतं. डायचंही तसंच. पण आकडा माहीत असला की भाव ठरवता येतो आणि रिपेअरचे पैसे बाजूला ठेवता येतात.

कुणी म्हणेल, मग इलेक्ट्रॉनिक शटर वापरा, झीज नाही, आवाज नाही. निकॉन झेड९ आणि झेड८ मध्ये तर मेकॅनिकल शटर ठेवलेलंच नाही. खरं आहे, पण त्यांचे सेन्सर फार वेगाने वाचले जातात आणि ती किंमत आपल्या पोराची नाही. साध्या बॉडीत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यात वेळ जातो. मंगल कार्यालयातल्या एलईडी उजेडात फोटोवर आडवे पट्टे येतात. घाटात धावणाऱ्या बैलाचे पाय तिरके होतात, गाड्याचं चाक लंबगोल दिसतं. असा फोटो गाडामालक घेत नाही. म्हणजे आपल्या दोन्ही धंद्यांना, लग्नाला आणि यात्रेला, मेकॅनिकल शटर लागतंच.

आणि ते किती चालतं त्याचा हिशेब करा. एका बारीला शेवटच्या चार सेकंदांत, सेकंदाला दहाच्या वेगाने, चाळीस फोटो. दिवसाला शंभर बाऱ्या धरल्या तर चार हजार. असे पन्नास दिवस म्हणजे दोन लाख! दोन हंगामात शटरचं छापील आयुष्य पुरं. हे मी पोराला त्याच्याच वहीत मांडून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे दादा, मी जे घेणार ते कुणीतरी आधीच अर्धं खाल्लेलं असणार." बरोबर. प्रश्न एवढाच, की किती खाल्लंय ते समोरचा खरं सांगतो का.

रविवारी आम्ही आधी पिंपरीत एक बॉडी बघितली. तरुण विक्रेता, बोलायला गोड. आकडा १४ हजार. "दादा, घरचीच आहे, ट्रिपला नेली तेवढीच." व्हॉट्सअॅपवर त्याने आधी फोटो पाठवला होता. लक्षात ठेवा, व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेल्या फाईलमधली कॅमेऱ्याची माहिती निघून गेलेली असते. त्यावरून काही कळत नाही. स्क्रीनशॉटवर तर विश्वासच नको. आपलं कार्ड न्यायचं, आपण फोटो काढायचा, मूळ फाईल आपल्या लॅपटॉपवर वाचायची.

निकॉनच्या फाईलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो, सोनीच्या अनेक बॉडींच्या कच्च्या फाईलमध्येही असतो. मोफत सॉफ्टवेअरने वाचता येतो. कॅननच्या बऱ्याच मिररलेस बॉडी तो फोटोत लिहीतच नाहीत. तिथे केबल जोडून सॉफ्टवेअरने काढायचा किंवा सर्व्हिस सेंटरमधून लिहून घ्यायचा.

आम्ही फाईल वाचली. आकडा खरंच १४ हजार. पोराचे डोळे चमकले. मी म्हटलं, थांब. आमच्याकडे कार्डवर कमी स्ट्रोक लिहिलेले असतील आणि पार्टच्या कडेला मोठी बर येत असेल, तर आम्ही बर खरी मानतो, कार्ड नाही. कॅमेऱ्याची बर कुठे दिसते? केबल लावायचं एचडीएमआयचं तोंड ढिलं झालेलं. बॅटरीचं झाकण घासून पांढरं. खाली ट्रायपॉडच्या आट्यांभोवतीचा रंग गेलेला. ट्रिपला नेलेल्या कॅमेऱ्याचं एचडीएमआय ढिलं होत नाही. ही बॉडी लग्नात व्हिडिओला लावलेली होती, मोठ्या पडद्यावर लाइव्ह दाखवायला. तासन् तास.

व्हिडिओत मेकॅनिकल शटर हलतच नाही. म्हणजे पाच वर्षं रोज व्हिडिओ केला तरी आकडा तिथेच राहील. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यात शटरच्या आकड्यावरून वापराचा बऱ्यापैकी अंदाज यायचा. मिररलेसमध्ये कमी आकडा म्हणजे कमी वापर, हे गणित चालत नाही. उलट काही बॉडींत इलेक्ट्रॉनिक शटरचे फोटोही त्याच आकड्यात धरले जातात, म्हणजे मोठा आकडा दिसतो पण झीज तेवढी नसते. निकॉनच्या बऱ्याच झेड बॉडींच्या फाईलमध्ये एकूण आणि मेकॅनिकल असे दोन वेगळे आकडे मिळतात. विचारायचं ते मेकॅनिकलचं.

मग मी लेन्सवर झाकण लावून एक लांब एक्स्पोजरचा फोटो काढला. पूर्ण काळा यायला हवा. एका कोपऱ्यातून रंगीत ठिपक्यांची बारीक रेघ गेलेली. लेझर. डीजेपुढच्या लेझरचा किरण सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवरचे पिक्सेल कायमचे जळतात, आणि मिररलेसचा सेन्सर तर फोटो काढत नसतानाही उघडा असतो. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर लेझरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या, २०२४ ला पुणे पोलिसांनी उत्सवात लेझरवर बंदीही घातली. माणसाच्या डोळ्याची बातमी झाली. मिरवणुकीत उभ्या असलेल्या पोरांच्या कॅमेऱ्यांची मोजदाद कुणी केली नाही. ते कॅमेरे असेच बाजारात फिरतात, "घरगुती वापर" म्हणून.

पोराने पैशाचं पाकीट परत खिशात घातलं. विक्रेता म्हणाला, "एवढं कोण बघतं, दादा?"

दुसरा कॅमेरा निगडीला, भक्ती-शक्ती चौकाच्या पुढे. एक काका, पन्नाशी उलटलेले, तीस वर्षं स्टुडिओ चालवलेले. पाठीच्या दुखण्यामुळे लग्नं बंद केलेली. आम्ही बसायच्या आधीच म्हणाले, "एक लाख सव्वीस हजार झालेत. आधी सांगून ठेवतो, नंतर चहा कडू नको." मूळ बिल, बॉक्स, सर्व्हिसची पावती, सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. बॉडीवरचा सिरियल नंबर, बॉक्सवरचा आणि बिलावरचा, तिन्ही एक. "लेन्स काढून बघ बाळा, पण पात्यांना बोट लावू नकोस."

तिथे केलेल्या तपासण्या तुम्हीही करा:

१) कॅमेरा पूर्ण मेकॅनिकल शटरवर ठेवा. पहिला पडदाही मेकॅनिकल. सायलेंट मोड बंद.
२) दिवसाच्या उजेडात साध्या भिंतीचे वीसेक फोटो घ्या, १/४००० च्या वेगाने. ट्यूब किंवा एलईडीखाली नको, तिथे दिव्यामुळेच पट्टे येतात. फोटोची एक बाजू काळवंडत असेल किंवा प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येत असेल, तर दोन पडद्यांचा मेळ सुटत चाललाय.
३) सलग बर्स्ट घेऊन कान द्या. आवाज एकसारखा हवा. मध्येच ठेचकाळला तर सावध.
४) झाकण लावून काळा फोटो, आणि छिद्र एफ/१६ ला ठेवून पांढऱ्या आभाळाचा फोटो. पहिल्यात जळके पिक्सेल दिसतात, दुसऱ्यात धूळ. धूळ साफ होते, जळलेलं परत येत नाही.
५) शटर बदललंय का ते विचारा. बदललं असेल तर ती वाईट गोष्ट नाही, पण पावती हवी. बदलल्यावर आकडा कधी शून्यावर आणतात, कधी नाही.

काकांच्या बॉडीने सगळं पार केलं. भाव एकसष्ट हजारांवर ठरला. घासाघीस मी केली नाही, पोराने केली, तीही हजाराचीच. काकांनी वहीच्या कागदावर लिहून दिलं: मॉडेल, सिरियल नंबर, आजचा शटर काउंट, तारीख, सही. पोराने स्वतःच्या आधारची झेरॉक्स दिली, त्यांची घेतली. चौदा हजारांचा सोडून सव्वा लाखाचा घेतला म्हणून त्याच्या खोलीवरची पोरं त्याला हसली.

आता मुद्दा. आपल्या पट्ट्यात गाडी जुनी घेतली तर आरसी असते, मालक कितवा ते कळतं. मोबाइल चोरीला गेला तर आयएमईआयवरून बंद करता येतो, मे २०२३ पासून संचार साथीवर ही सोय देशभर आहे, आणि जुना फोन घेण्याआधी तो नंबर तपासताही येतो. कॅमेऱ्याला यातलं काही नाही. फक्त सिरियल नंबर, आणि तो आपण कुठेच लिहून ठेवत नाही. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो. "बिल हरवलंय भाऊ, म्हणून स्वस्त देतोय," हे वाक्य ऐकलं की तिथून उठावं.

कायद्याची दुसरी बाजूही बघा. दुकानातून बिलाने घेतलं आणि फसवणूक झाली तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. "तू धंद्यासाठी घेतलास, तू ग्राहक नाहीस," असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या आणि स्वतः वापरलेल्या वस्तूला व्यापारी उद्देशातून वगळलेलं आहे. पण बिल नसेल तर बोलायचं कशाच्या जोरावर? आणि एखाद्याने घरचा एखादा कॅमेरा विकला तर तो दुकानदार नव्हे, त्याच्याविरुद्ध ही वाट सहसा मिळत नाही. तिथे तुमच्या हातात फक्त कागद. म्हणून कागद हवाच.

माझी मागणी फार मोठी नाही. जुने कॅमेरे विकणाऱ्या आपल्याकडच्या दुकानांनी बिलावर दोन गोष्टी छापाव्यात: सिरियल नंबर आणि त्या दिवशीचा मेकॅनिकल शटरचा आकडा. व्हिडिओला वापरलाय का, तेही लिहावं. फोटोग्राफरांच्या संघटनांनी चोरीला गेलेल्या बॉडींचे सिरियल नंबर एका यादीत ठेवावेत, सगळ्यांना बघता येईल अशा. दुकानदाराला याचा खर्च शाईपुरता. आणि ज्याचा ब्रेक लागलाय अशा पोराची वर्षभराची बचत वाचते.

हे लिहिताना एक गोष्ट मी लपवत होतो, ती सांगून टाकतो. मोशीच्या लग्नात बंद पडलेला माझा कॅमेरा मी सतरा हजार देऊन दुरुस्त केला आणि सहा महिन्यांनी विकला. तळेगावच्या एका पोराला. शटर बदललंय हे मी सांगितलं नाही. सेन्सरवर दोन जळके ठिपके होते, तेही नाही. त्याने विचारलं, "दादा, वापर किती?" मी म्हणालो, "घरगुती." तेच वाक्य, जे मला दुकानदाराने ऐकवलं होतं. त्या पोराचा नंबर आता माझ्याकडे नाही. पिंपरीतल्या त्या विक्रेत्याला मी मनातल्या मनात शिव्या देत बाहेर पडलो, तेव्हा तळेगाव चौकाच्या गर्दीत गाडी अडकलेली असताना मला हे आठवलं. शेजारी पोरगा बॅग छातीशी धरून बसला होता. त्याला मी तेव्हाच सांगितलं. तो म्हणाला, "मग आता लिहा की दादा." म्हणून ही पोस्ट.

त्याला ब्रेक मिळाला. परत बोलावणं अजून नाही. खेडकडच्या तीन यात्रा झाल्या, हिशेब अजून जेमतेम आहे, पण खोलीभाडं निघालं. काल भेटला तेव्हा त्याने कॅमेऱ्याच्या बॅगेतून एक पुठ्ठा काढून दाखवला. आमच्या डायच्या हिस्ट्री कार्डासारखाच, हाताने आखलेला. तारीख, घाट, किती फोटो, एकूण आकडा. शेवटची नोंद १,३५,२००. खाली एक रकाना आत्ताच करून ठेवलाय: "विकला तर कुणाला."

तुमच्याकडे जुना कॅमेरा असेल तर आज त्याचा आकडा काढून कमेंटमध्ये लिहा. सिरियल नंबर मात्र इथे टाकू नका, तो घरच्या वहीत लिहून ठेवा. आणि तळेगावचा तो पोरगा हे वाचत असेल तर मला मेसेज कर. २०२३ च्या सुरुवातीला तू माझ्याकडून कॅमेरा घेतला होतास. आपला हिशेब बाकी आहे.